गटप्रकल्पातून काय शिकलो, ते कसे मांडावे?

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

- गटाने केलेले काम आणि गटाला आलेली समज यांतला फरक सांगता येईल.
- गटातील प्रत्येकाचा वाटा दिसेल अशा रीतीने सादरीकरणाची आखणी करता येईल.
- तोंडी सादरीकरण, भित्तिपत्रक (पोस्टर) आणि प्रात्यक्षिक यांपैकी कोणते माध्यम कशासाठी वापरावे, हे ठरवता येईल.
- ज्या लोकांकडून माहिती घेतली त्यांच्यापर्यंत निष्कर्ष पोहोचवण्याची पद्धत समजेल.

१. प्रास्ताविक

आज पदवीच्या बहुतेक शाखांत कुठे ना कुठे गटप्रकल्प असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, तेव्हा त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी ठेवले होते. जवळची नदी, टेकडी, तळे किंवा एखादी प्रदूषित जागा पाहून तिची नोंद करावी, अशी त्यामागची अपेक्षा. या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्राने जो श्रेयांक आराखडा स्वीकारला, त्यातही क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना स्वतंत्र जागा आहे. म्हणजे तुमची शाखा कोणतीही असो, चार-पाच जणांनी मिळून काही शोधायचे आणि ते इतरांसमोर मांडायचे, ही वेळ येणारच.

प्रत्यक्षात सादरीकरणाच्या दिवशी काय दिसते? पाच जण फळ्यासमोर उभे राहतात. त्यांतला एक बोलतो, दुसरा लॅपटॉपवर पाने पुढे सरकवतो, उरलेले तिघे हात बांधून उभे असतात. उन्हात फिरून नोंदी घेणारी मुलगी बहुधा या तिघांतच असते. परीक्षक एक-दोन प्रश्न विचारतात, बोलणाराच उत्तरे देतो आणि पाचही जणांना सारखे गुण मिळतात. यात काम झालेले दिसते, पण कोण काय शिकले ते दिसत नाही.

सादरीकरणात गटाची समज दिसली पाहिजे आणि ती गटातल्या प्रत्येकाच्या तोंडून उमटली पाहिजे. या पाठातील सगळ्या सूचना या एका गोष्टीसाठी आहेत.

२. काम, वस्तू आणि समज

प्रकल्पातून तीन गोष्टी तयार होतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या की निम्मे सादरीकरण सुटते.

पहिली गोष्ट म्हणजे काम. किती दिवस फिरलो, किती घरी गेलो, किती प्रश्नावल्या भरल्या, हे त्यात येते. दुसरी गोष्ट वस्तू, म्हणजे अहवाल, नकाशा, प्रतिकृती, तक्ता किंवा ॲप. तिसरी गोष्ट समज. प्रकल्पापूर्वी आपल्याला जे माहीत नव्हते किंवा आपण चुकीचे मानत होतो, त्यातले आज काय बदलले, हा तिचा विषय.

बहुतेक सादरीकरणे पहिल्या दोन गोष्टींवरच संपतात. "आम्ही ४० घरांना भेटी दिल्या" हे काम झाले. "आम्ही हा नकाशा तयार केला" ही वस्तू झाली. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो : मग कळले काय? त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर सादरीकरणाची तयारी अजून सुरूच झालेली नाही असे समजावे.

समज शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. प्रकल्प सुरू करण्यापूर्वी गटातील प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर लिहावे : "मला काय आढळेल असे वाटते?" कागद घडी घालून ठेवावेत. काम संपल्यावर ते उघडावेत. जिथे अंदाज आणि निष्कर्ष जुळत नाहीत, तिथे तुमच्या सादरीकरणाचा गाभा असतो. सगळेच जुळले, तर त्यालाही अर्थ आहे. त्या वेळी मुद्दा असा मांडावा : "आम्ही जे ऐकून होतो, त्याला आता या नोंदींचा आधार आहे."

३. शंभर वर्षांपूर्वीचे एक उदाहरण

गटाने केलेली पाहणी कशी मांडावी, याचे एक चांगले उदाहरण पुण्याजवळ आहे. हॅरोल्ड मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर आणि इतर सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी केली. दख्खनच्या एका खेड्यातील जमीन आणि श्रम या विषयावरील हे पुस्तक १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे काम विद्यार्थ्यांचे नव्हते, तरी त्याच्या मांडणीतून विद्यार्थ्यांना घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली : प्रश्न नेमका होता. "खेड्याची स्थिती" असा मोघम विषय त्यांनी घेतला नाही. या गावातील शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर कुटुंब पोसता येते का, हे त्यांना पाहायचे होते.

दुसरी : आकडे तुलनेतून बोलते केले. १७७१ मध्ये या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. नुसते "७ एकर" वाचून काही कळत नाही, शेजारी ४० ठेवले की गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास दिसतो. तसेच, १५६ खातेदारांच्या जमिनीचे एकूण ७१८ तुकडे होते आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. जमिनीच्या तुकडेकरणाबद्दल पानभर लिहूनही जे पोहोचले नसते, ते या तीन आकड्यांतून पोहोचते.

तिसरी : मर्यादा सांगितली आणि तिच्यातूनच पुढचे काम निघाले. पिंपळे सौदागर पुणे आणि खडकीला लागून होते. तिथल्या लोकांना शहरात मजुरी मिळत असे. तेव्हा हे गाव सगळ्या दख्खनचे प्रतिनिधी मानता येईल का, अशी शंका उरत होती. म्हणून मान आणि कानिटकर यांनी शहरापासून दूर असलेले जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव निवडले आणि १९२१ मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या अभ्यासाची मर्यादा हाच दुसऱ्याचा विषय झाला.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तिथे बहुमजली इमारती उभ्या आहेत. त्या जागी कोणाची किती जमीन होती आणि लोक कसे जगत होते, हे आज इतक्या तपशिलाने सांगता येते, कारण कोणीतरी ते वेळीच मोजले आणि दुसऱ्याला वाचता येईल असे मांडून ठेवले.

हे प्राध्यापकांचे काम झाले, विद्यार्थ्यांना असे जमते का? मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली आणि आपापल्या गावांची माहिती जमवायला सांगितले. त्यातून दक्षिण भारतातील काही खेड्यांवरील पुस्तक १९१८ मध्ये निघाले. वीस वर्षांनी, १९३६-३७ मध्ये, पी. जे. थॉमस आणि के. सी. रामकृष्णन यांनी त्या गावांची फेरपाहणी केली. इरुवेलपट्टूसारख्या गावात तर त्यानंतरही संशोधक पुन्हा पुन्हा गेले. लखनौ विद्यापीठात राधाकमल मुखर्जी यांनी अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या अध्यापनाला अशाच गावपाहण्यांची जोड दिली. त्यांनी संपादित केलेला अवधमधील शेती आणि शेतकऱ्यांवरील ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मद्रासच्या त्या विद्यार्थ्यांना आपल्या नोंदी वीस वर्षांनी कोणी उघडेल याची कल्पना नसावी. तरीही त्या उपयोगी पडल्या, कारण कोणत्या गावाची, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या प्रश्नाला मिळालेली माहिती आहे, हे त्यांत स्पष्ट होते. तुमच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ठिकाण, तारीख आणि माहिती मिळवण्याची रीत लिहिण्याचे कारण हेच आहे.

४. प्रत्येकाचा वाटा का दिसला पाहिजे?

फ्रान्समधील कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याचे काही प्रयोग केले आणि १९१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. एकटा माणूस जितका जोर लावतो, तितका तो गटात लावत नाही, असे त्यांना आढळले. आठ जणांच्या गटात प्रत्येकी जोर जवळपास निम्म्यावर आला होता. याची कारणे दोन. एक म्हणजे सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही. दुसरे म्हणजे "बाकीचे आहेतच की" असे प्रत्येकाला थोडेथोडे वाटते.

यातील दुसरे कारण १९७९ मध्ये बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी टाळ्या वाजवणे आणि ओरडणे अशा साध्या कृतींवर तपासले. तेव्हाही तेच दिसले. पुढे १९८१ च्या त्यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट पुढे आली : आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे हे माहीत असले की ही ढिलाई जवळपास नाहीशी होते.

म्हणजे गटातला "काम न करणारा" हा नेहमी स्वभावानेच आळशी असतो असे नाही. कामाची रचनाच अशी असते की त्याचा वाटा कोणाला दिसत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे : जी मुकाट्याने सर्वांत जास्त काम करते, तिचाही वाटा दिसत नाही. दोघांवर उपाय एकच, वाटा लिहून ठेवणे.

संशोधनाच्या जगात आता हीच रीत रुळत आहे. अनेक नियतकालिके लेखकांच्या यादीसोबत प्रत्येकाने काय केले हेही छापतात. त्यासाठी १४ भूमिकांची एक प्रमाणित यादी वापरली जाते. कल्पना मांडणे, माहिती गोळा करणे, विश्लेषण, पहिला मसुदा, दुरुस्ती अशा भूमिका तिच्यात येतात. तुमच्या प्रकल्पाला १४ भूमिकांची गरज नाही. पाच-सहा पुरतात :

- प्रश्न ठरवणे आणि प्रश्नावली तयार करणे
- प्रत्यक्ष मोजमाप आणि मुलाखती
- नोंदी तपासणे आणि तक्ते करणे
- नकाशे, छायाचित्रे, आकृत्या
- लेखन
- परवानग्या, प्रवास आणि खर्चाचा हिशेब

प्रत्येक भूमिकेपुढे नाव लिहा. एका भूमिकेत दोन नावे चालतील, पण एकही भूमिका बिननावाची नको. परवानग्या आणि हिशेब हे काम "किरकोळ" म्हणून वगळू नका. ते कोणी केले नसते, तर गट गावात पोहोचलाच नसता.

५. एक नमुना : सरोजिनी नगरमधील हातपंप

आतापर्यंत पाहिलेले मुद्दे एका काल्पनिक प्रकल्पावर लावून पाहू. सरोजिनी नगर हा लखनौ जिल्ह्याचा शहराला लागून असलेला तहसील. कानपूर रस्ता, अमौसीचा विमानतळ, कारखाने आणि त्यांच्या आजूबाजूला शेती करणारी गावे, असे मिश्र रूप इथे दिसते. शंभर वर्षांपूर्वीचे पिंपळे सौदागर जसे शहराच्या काठावर होते, तशीच ही जागा आहे. समजा, इथल्या महाविद्यालयातील पाच विद्यार्थ्यांनी जवळच्या एका गावातील सार्वजनिक हातपंपांची पाहणी केली. (पुढील सर्व आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत.)

उत्तर भारतात सर्वत्र दिसणारा "इंडिया मार्क-२" हातपंप १९७० च्या दशकात विकसित झाला. त्याचा आराखडा सोलापूर पंपावरून घेतलेला आहे. सोलापुरात सुधारलेली वस्तू लखनौच्या वेशीवर पाणी देते. असा एखादा धागा प्रकल्पात सापडला, तर तो जरूर सांगावा, पण एका वाक्यात. तो प्रकल्पाचा विषय होऊ देऊ नये.

या गटाचे पहिले सादरीकरण असे असू शकेल : "पाणी म्हणजे जीवन. भारतात पाणीटंचाई ही गंभीर समस्या आहे. आम्ही गावातील २० हातपंपांना भेट दिली. त्यांपैकी ८ बंद होते. सरकारने लक्ष द्यावे." यात चुकीचे काही नाही, पण गावात न जाताही हे लिहिता आले असते.

आता हाच गट पुढील पाच प्रश्नांची उत्तरे देतो.

(अ) आम्हाला काय वाटत होते? भूजल खाली गेल्यामुळे पंप बंद पडले असतील, असे आम्हा पाचही जणांना वाटत होते.

(आ) आम्ही काय पाहिले आणि कसे? प्रत्येक पंपावर १० लिटरची बादली भरायला किती वेळा दांडा मारावा लागतो ते मोजले. मोजमाप सकाळी आणि दुपारी असे दोनदा केले. बंद पंपांबाबत शेजारच्या किमान दोन घरांना विचारले : कधीपासून बंद आहे आणि का?

(इ) काय आढळले? ८ बंद पंपांपैकी ५ पंपांच्या खाली पाणी होते. साखळी तुटली होती किंवा आतले वॉशर झिजले होते. पाणी खाली गेल्याचे फक्त ३ ठिकाणी सांगितले गेले.

(ई) आमची समज कुठे बदलली? आम्ही ज्याला पाण्याचा प्रश्न समजत होतो, तो या गावात बराचसा दुरुस्तीचा प्रश्न आहे. कोणी दुरुस्त करायचे, सुटे भाग कुठे मिळतात आणि पैसे कोण देणार, यांची उत्तरे गावकऱ्यांनाही माहीत नव्हती.

(उ) आम्हाला काय सांगता येत नाही? ही पाहणी एकाच गावातील आणि हिवाळ्यातील आहे. मे महिन्यात चित्र वेगळे असू शकते. पाणी पिण्यास योग्य आहे का, हे आम्ही तपासलेले नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या मांडणीत काम तेवढेच आहे. फरक इतकाच की दुसऱ्या मांडणीत ऐकणाऱ्याला विद्यार्थ्यांच्या डोक्यात काय घडले ते दिसते आणि पुढच्या वर्षीच्या गटाला कुठून सुरुवात करायची तेही कळते. आपल्या प्रकल्पाची मांडणी याच पाच प्रश्नांवर बेतावी. विषय साहित्याचा असो, वाणिज्याचा असो वा यंत्रशास्त्राचा, प्रश्न बदलत नाहीत.

६. माध्यमाची निवड

तोंडी सादरीकरण. विचारांचा क्रम सांगायचा असेल, तर हे माध्यम चांगले. साधारणपणे दहा मिनिटे मिळतात. त्यांची वाटणी अशी करता येईल : प्रश्न आणि अंदाजासाठी दोन मिनिटे, पद्धतीसाठी दोन, निष्कर्षांसाठी तीन, बदललेल्या समजेसाठी दोन आणि मर्यादांसाठी एक. पडद्यावरील एका पानावर एकच मुद्दा ठेवा. पडद्यावरचे वाचून दाखवू नका. लोक ते तुमच्यापेक्षा लवकर वाचतात आणि मग तुमच्याकडे लक्ष देत नाहीत.

भित्तिपत्रक. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या "आविष्कार" या संशोधन स्पर्धेत आणि अनेक परिषदांत भित्तिपत्रकापुढे उभे राहून बोलावे लागते. ए-१ आकाराच्या (५९४ × ८४१ मिमी) कागदावर अहवालाची पाने चिकटवली, तर त्याला भित्तिपत्रक म्हणता येत नाही. शीर्षक हा विषय न ठेवता निष्कर्ष ठेवा. "हातपंपांचा अभ्यास" यापेक्षा "बंद पंपांखाली पाणी आहे" हे शीर्षक वाचून माणूस थांबतो. दोन पावलांवरून न चष्मा चढवता वाचता आले पाहिजे. मजकूर कमी, एक नकाशा, एक तक्ता आणि एक छायाचित्र पुरते. छायाचित्रात माणसे असतील, तर त्यांची परवानगी घेतलेली असावी.

प्रात्यक्षिक किंवा वस्तू. कृती दाखवायची असेल, तर वस्तू आणावी. वरच्या नमुन्यात झिजलेले आणि नवे, अशी दोन वॉशर टेबलावर ठेवली आणि पाहणाऱ्याच्या हातात दिली, तर पाच मिनिटांचे बोलणे वाचते. ती बिघडलेली वस्तू लपवू नका. पहिला प्रयत्न का फसला हे दाखवणारी प्रतिकृती चकाकत्या प्रतिकृतीपेक्षा जास्त शिकवते.

नोंदवही. रोजच्या नोंदी, खाडाखोड, गावात काढलेली कच्ची आकृती हे सगळे असलेली मूळ वही टेबलावर ठेवा. काम खरोखर झाले आहे, याचा याहून चांगला पुरावा नाही. म्हणूनच सादरीकरणासाठी ती पुन्हा "स्वच्छ" लिहून काढू नये.

७. कोण बोलणार आणि कोणत्या भाषेत?

ज्याने जे केले, त्याने ते सांगावे. मोजमाप करणाऱ्या मुलीने पद्धत सांगावी, तक्ते करणाऱ्याने निष्कर्ष सांगावेत. पण एवढ्यावर थांबू नये. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी भूमिका बदलून एक सराव करा : तक्ते करणाऱ्याने पद्धत समजावून सांगायची आणि मोजणारीने तक्ता. जिथे अडखळायला होते, तिथे गटातील समज वाटली गेलेली नाही हे लगेच कळते. ते परीक्षकांसमोर कळण्यापेक्षा आपसात कळलेले बरे.

अनेक गटांत बोलणारा निवडताना एकच कसोटी लावली जाते : इंग्रजी कोणाचे चांगले? त्यामुळे ज्यांना सर्वांत जास्त माहीत असते, ते मागे राहतात. संस्थेचा नियम इंग्रजीचा नसेल, तर आपल्या भाषेत मांडा. पारिभाषिक शब्द जसे वापरात आहेत तसे वापरले, तरी चालते. "भूजल पातळी" आणि "वॉटर लेव्हल" यांपैकी जो शब्द गटाला आणि ऐकणाऱ्याला कळतो, तो घ्यावा. नियम इंग्रजीचाच असेल, तर पडद्यावर इंग्रजी आणि बोलणे मिश्र ठेवता येईल का, हे शिक्षकांना आधीच विचारून घ्या. मुलाखतीत मिळालेले उत्तर मात्र शक्यतो बोलणाऱ्याच्या भाषेतच उद्धृत करावे आणि खाली अर्थ द्यावा. भाषांतरात नेमका मुद्दाच निसटतो, असे पुष्कळदा होते.

८. प्रश्नोत्तरे

परीक्षकांच्या प्रश्नांची भीती वाटते, कारण आपण त्यांना सापळा समजतो. बहुतेक प्रश्न तीन प्रकारचे असतात : हे कशावरून? दुसरे कारण असू शकेल का? याचा उपयोग काय? या तिन्हींची उत्तरे गटाने आधीच लिहून काढावीत.

उत्तर माहीत नसेल, तर "आम्ही ते पाहिलेले नाही" असे सरळ सांगावे आणि पाहायचे असते तर कसे पाहिले असते, तेही सांगावे. यातून तुम्हाला पद्धत समजली आहे हे दिसते. रेटून दिलेले उत्तर मात्र आधीच्या खऱ्या निष्कर्षांवरही संशय आणते. एका सदस्याच्या उत्तरात चूक झाली, तर दुसऱ्याने त्याला खोडून न काढता "यात भर घालतो" म्हणून दुरुस्ती करावी.

९. ज्यांनी माहिती दिली त्यांचे काय?

सादरीकरण वर्गात होते आणि गुण विद्यार्थ्यांना मिळतात. पण कामधंदा सोडून तुमच्याशी बोललेली बाई, पंपाचा दांडा मारून दाखवणारे आजोबा, परवानगी देणारे ग्रामप्रधान यांना काय मिळते? बहुधा काहीच नाही. म्हणूनच काही गावांत लोक विद्यार्थ्यांना पाहून म्हणतात, "तुम्ही येता, लिहून नेता, पुन्हा दिसत नाही."

प्रकल्पाचे एक सादरीकरण त्या लोकांपुढे व्हावे. त्यासाठी पडदा लागत नाही. त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, एका पानाचे निवेदन पुरते : काय पाहिले, काय आढळले, कोणता पंप कशामुळे बंद आहे. ते शाळेच्या किंवा पंचायतीच्या भिंतीवर लावा आणि अर्धा तास तिथे थांबा. लोक चुका दाखवतील : "हा पंप तसा नाही, तो गेल्या वर्षीच दुरुस्त केला होता." ही दुरुस्ती अहवालात घाला. तुमच्या निष्कर्षांची सर्वांत कडक परीक्षा इथेच होते, कारण इथले परीक्षक त्या पंपाचे पाणी पितात. शक्य असेल, तर गावातले हे सादरीकरण महाविद्यालयातील सादरीकरणाच्या आधी करावे.

एक काळजी मात्र घ्यावी. कोणी काय सांगितले हे नावानिशी जाहीर करू नये. तक्रार कोणी केली हे उघड झाले, तर त्रास तुम्हाला होत नाही, त्या माणसाला होतो.

१०. मूल्यमापन : गट आणि व्यक्ती

सर्वांना सारखे गुण दिले, तर काम करणाऱ्यावर अन्याय होतो. प्रत्येकाला सर्वस्वी वेगळे गुण दिले, तर गट म्हणून काम करण्याचे कारणच उरत नाही. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा. काही गुण गटाच्या एकत्रित मांडणीला, काही प्रत्येकाच्या तोंडी उत्तरांना आणि काही प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहिलेल्या एका पानाला द्यावेत. त्या पानावर तीनच प्रश्न असावेत : मी काय केले? दुसऱ्या सदस्याकडून मी काय शिकलो? हेच काम पुन्हा करायचे झाले, तर मी काय बदलेन?

शिक्षकांनी अशी रचना केलेली नसेल, तर गटाने स्वतःहून वाट्यांचा तक्ता आणि ही पाने अहवालाला जोडावीत. त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. नोकरीच्या किंवा पुढील प्रवेशाच्या मुलाखतीत "या प्रकल्पात तुमचा भाग कोणता?" असे विचारले गेले, तर उत्तर तयार असते आणि ते खरे असते.

सारांश

गटप्रकल्पातून काम, वस्तू आणि समज अशा तीन गोष्टी तयार होतात. सादरीकरणाचा गाभा समज हा आहे. आधीचा अंदाज, पद्धत, निष्कर्ष, बदललेली समज आणि मर्यादा या पाच पायऱ्यांनी ती मांडता येते. पिंपळे सौदागर आणि मद्रास येथील पाहण्या आजही उपयोगी पडतात, कारण त्यांत ठिकाण, काळ आणि पद्धत स्पष्ट होती आणि आकडे तुलनेत ठेवले होते. प्रत्येकाचा वाटा लिहून ठेवल्याने ढिलाई कमी होते आणि मुकाट्याने काम करणाऱ्याला न्याय मिळतो. ज्यांनी माहिती दिली, त्यांच्यापर्यंत निष्कर्ष पोहोचवणे हाही प्रकल्पाचाच भाग आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. तुमच्या गटाने नुकत्याच केलेल्या प्रकल्पातील काम, वस्तू आणि समज प्रत्येकी एका वाक्यात लिहा.

२. पिंपळे सौदागरच्या पाहणीतील "४० एकर ते ७ एकर" ही तुलना परिणामकारक का ठरते? तुमच्या प्रकल्पातील एखादा आकडा अशाच तुलनेत मांडून दाखवा.

३. गटात प्रत्येकाचा जोर कमी का होतो? दोन कारणे सांगून उपाय लिहा.

४. तुमच्या भित्तिपत्रकाचे शीर्षक निष्कर्षाच्या रूपात पुन्हा लिहा.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील एका सार्वजनिक सोयीची (पाण्याचा नळ, बसथांबा, वाचनालय, रेशन दुकान) चार जणांच्या गटाने एक आठवडा पाहणी करा. सुरुवातीला अंदाजाचे कागद लिहून ठेवा. शेवटी त्या सोयीचा वापर करणाऱ्या लोकांसमोर पाच मिनिटे मांडणी करा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या अहवालात वेगळ्या नोंदवा.